दुसरा स्पर्श

शास्त्रपाठ : मार्क 8:22–26



प्रभु येशूने रोग्यांस बरे केल्याच्या ज्या हकिकती शुभवर्तमानांत लिहिल्या आहेत, त्यांपैकी बहुतेकांत काम एका शब्दाने किंवा एका स्पर्शाने पुरे झालेले दिसते. परंतु बेथसैदा गावच्या आंधळ्याची हकिकत ह्या सर्वांहून निराळी आहे, आणि ती एकट्या मार्कानेच लिहून ठेविली आहे. लोकांनी त्या आंधळ्यास प्रभूकडे आणिले. प्रभूने त्याचा हात धरिला व त्यास गावाबाहेर नेले. तेथे त्याच्या डोळ्यांस थुंकी लावून व त्याजवर हात ठेवून प्रभूने विचारिले की, काही दिसते काय? त्या मनुष्याने वर पाहिले व जसे होते तसेच सांगितले : माणसे दिसतात खरी, पण चालत्या झाडांसारखी दिसतात. तेव्हा प्रभूने पुन्हा एकदा हात ठेविले, आणि मग त्यास सर्व काही स्वच्छ दिसू लागले. शेवटी प्रभूने त्यास घरी धाडिले, परंतु गावात शिरू नको असे बजाविले.

आता आम्ही तुम्हांस विचारितो. पहिल्या स्पर्शानंतर तो मनुष्य "मला दिसू लागले" असे ओरडत गावाकडे धावत सुटला असता, तर त्याचे काय झाले असते? त्या दिवशी लोकांनी मोठा आनंद केला असता. घरी गोडधोड झाले असते. आणि दुसऱ्या दिवसापासून तो बिचारा जन्मभर माणसांस झाडे समजून चालत राहिला असता. तो कोठे अडखळला असता, तर लोक म्हणाले असते, "आता तर तुला दिसते ना? मग ही सोंगे कशास?"

हा प्रश्न आम्ही उगाच काढिलेला नाही. आमच्या गावोगावच्या मंडळ्यांत अशी माणसे आहेत की ज्यांस मनाचा आजार जडला; पुष्कळ दिवस भगत-मांत्रिकांच्या दारी फिरविल्यावर ज्यांस इस्पितळात नेले; भास व भ्रम काहीसे शमल्यावर ज्यांस पुढील उपचारासाठी पुनर्वसनगृहात ठेविले; आणि जी ठरलेल्या मुदतीच्या आधीच तेथून निघून आली. कोणी पंधराव्या दिवशी आला, कोणी दुसऱ्या महिन्यात. कोणी सांगून आला, कोणी न सांगता रात्रीची एस.टी. धरून आला, कोणास घरच्यांनीच जाऊन आणिले. मग काही महिन्यांत दुखणे उलटले, आणि घरची मंडळी आम्हां पाळकांकडे येऊन म्हणाली, "एवढा पैसा घातला, पण गुण आला नाही." आम्ही म्हणतो, गुण येत होता. पहिला स्पर्श झाला होता. दुसऱ्यासाठी कोणी थांबले नाही.

ही माणसे का निघून येतात, ह्याचा विचार आज करू. कारण "तो हट्टी आहे" किंवा "तिचे नशीबच तसे" असे म्हणून आपण मोकळे होतो, आणि त्या कारणांत आपला स्वतःचा भाग किती आहे हे पाहावयाचे राहून जाते.

प्रथम पुनर्वसनगृह म्हणजे काय हे समजून घेतले पाहिजे. गावात त्यास कोणी वेड्यांचे इस्पितळ म्हणतात, कोणी कोंडवाडा म्हणतात. इस्पितळाचे काम आजाराचा जोर मोडणे हे आहे. परंतु जोर मोडला म्हणजे मनुष्य उभा राहिला असे होत नाही. तापाने महिनाभर अंथरुणास खिळलेल्या मनुष्याचा ताप उतरला, तरी त्याच्या पायांत लगेच बळ येत नाही. तसेच स्किझोफ्रेनियासारख्या आजारात कानी पडणारे आवाज गोळ्यांनी थांबले, तरी अंगातील मरगळ, कशातच मन न लागणे, चारचौघांत बसण्याची धास्ती ही पुष्कळ काळ राहते. नेमल्या वेळी उठणे, अंघोळ करणे, गोळी घेणे, बागेत किंवा स्वयंपाकघरात हाताला काम लावणे, चारजणांत बसून बोलणे, बाजारात जाऊन हिशेबाने पैसे खर्च करणे, ह्या साध्या गोष्टी पुन्हा हळूहळू शिकाव्या लागतात. हे काम आठवड्यांचे नसून महिन्यांचे असते. ज्यास हे ठाऊक नसते त्यास वाटते की तेथे काही उपचारच होत नाही, नुसते झाडझूड करावयास लावितात.

ह्यातूनच निघून येण्याचे पहिले कारण उत्पन्न होते. ते हे की, अर्धी दृष्टी आली असता ती पुरी आली असे वाटते. झोप लागू लागली, जेवण जाऊ लागले, भीती गेली, की रोगी म्हणतो, "मी बरा आहे, मला येथे कशास ठेविले?" तो लबाडी करीत नसतो. मनाच्या काही आजारांचे दुष्टपण असे की, ज्या समजेने आजार ओळखावयाचा त्या समजेवरच ते घाव घालितात. पाय मोडला तर मनुष्य आपल्या डोळ्यांनी पाहतो. समजच दुखावली तर ती कशाने पाहावी? म्हणून अशा मनुष्यास "तुला कळत नाही" असे शंभर वेळा सांगून काही साधत नाही.

घरच्यांचेही असेच होते. मुलगा पूर्वीसारखा हसून बोलला, की आईस धीर धरवत नाही. परंतु 2012 साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात 65 चाचण्यांचा एकत्र हिशेब छापून आला, त्याकडे लक्ष द्यावे. त्यांत स्किझोफ्रेनियाचे सुमारे साडेसहा हजार रोगी होते. त्यांपैकी ज्यांची औषधे चालू ठेविली, त्यांच्यात वर्षाच्या आत शंभरांतील 27 जणांचे दुखणे उलटले. ज्यांस औषधाऐवजी नुसती दिसावयास तशी गोळी दिली, त्यांच्यात शंभरांतील 64 जणांचे उलटले. ह्यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. बरे वाटू लागले म्हणून औषध सोडणे हे मोठ्या धोक्याचे आहे. आणि औषध घेऊनही कोणाचे दुखणे उलटले तर तो त्याचा अपराध नव्हे.

दुसरे कारण उपचाराचे ओझे व त्याचा मंदपणा हे आहे. नामान सेनापतीची गोष्ट आठवा (2 राजे 5). तो अराम देशाहून रथ, घोडे व द्रव्य घेऊन अलीशाच्या दारी आला. त्याची कल्पना अशी होती की, संदेष्टा बाहेर येईल, हात फिरवील, आणि क्षणात काम होईल. त्याऐवजी निरोप आला की, यार्देनेत जाऊन सात वेळा बुडी मार. नामान संतापला. दमिष्काच्या नद्या काय वाईट आहेत, असे म्हणून तो परत फिरला. बंधूंनो, उपचार अर्ध्यावर सोडणाऱ्यांत नामानाची गणना होण्यास फार थोडे उरले होते. त्यास कोणी थांबविले? राजाने नव्हे, संदेष्ट्यानेही नव्हे. त्याच्या चाकरांनी थांबविले. ते जवळ गेले, आदराने बोलले, आणि म्हणाले की मोठे काही करावयास सांगितले असते तर आपण केलेच असते, मग हे साधे का करू नये? शास्त्राने त्या चाकरांची नावेही दिलेली नाहीत. परंतु त्यांनी मार्गावर गाठून गोड शब्दांत समजाविले नसते, तर नामान कुष्ठ घेऊनच घरी पोहोचला असता.

आणि सात बुड्यांचाही विचार करा. पहिल्या सहा बुड्यांनंतर त्याच्या त्वचेत फरक पडल्याचे शास्त्र सांगत नाही. सातवी झाल्यावरच ती लहान बालकाच्या त्वचेसारखी झाली, असे लिहिले आहे. मनाच्या औषधांचेही काहीसे असेच आहे. उदासीनतेवरील गोळ्यांचा गुण दिसावयास काही आठवडे लागतात; त्यांचा त्रास मात्र पहिल्याच दिवसांत जाणवतो. तोंडास कोरड पडते, सुस्ती येते, हात कापतात, वजन वाढते, काहींस एका जागी बसवत नाही. रोग्यास वाटते, आजार बरा पण हे औषध नको. असा मनुष्य तक्रार करितो तेव्हा आपण काय म्हणतो? "गप्प बस, घे ती गोळी." तो गप्प बसतो, गोळी जिभेखाली ठेवून मोरीत थुंकितो, आणि एके दिवशी निघून येतो. त्याऐवजी त्याचे गाऱ्हाणे डॉक्टरांपर्यंत पोहोचविले पाहिजे. पुष्कळदा मात्रा कमी करून, वेळ बदलून किंवा दुसरे औषध देऊन त्रास हलका करिता येतो. परंतु ही गोष्ट कोणीतरी डॉक्टरांस सांगावी लागते, आणि रोग्यास एकट्यास ती पुष्कळदा सांगता येत नाही.

तिसरे कारण एकटेपण हे आहे. प्रभूने त्या आंधळ्यास गावाबाहेर नेले, पण कसे नेले? हात धरून नेले. परक्या वाटेवर एकटे सोडून दिले नाही. आपण मात्र आपल्या माणसास पुनर्वसनगृहाच्या दारात सोडितो, कागदावर अंगठा उठवितो, आणि नंतर महिनोन्‌महिने तिकडे फिरकत नाही. कोणी लाजेने जात नाही, कोणी भाड्याच्या पैशाअभावी. रविवारी दुसऱ्यांच्या भेटीस माणसे येतात, आणि हा फाटकाकडे पाहत बसतो. मग त्याच्या मनात येते की, मला टाकून दिले. टाकलेला मनुष्य बरे होण्यासाठी थांबत नाही. मला खरेच टाकिले काय, हे पाहावयास तो घराकडे धावतो.

ह्यावर उपाय योजणारे लोक आपल्याच देशात होऊन गेले. 1950 नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर विद्यासागर यांनी इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकून रोग्यांच्या नातेवाइकांस त्यांच्याजवळ राहावयास लाविले. त्या काळी रोग्यास भिंतीआड ठेवून घरच्यांस दूर ठेवावयाचे अशीच रीत होती. डॉक्टरांनी आई-बापांस व भावांस आजार म्हणजे काय, औषध का द्यावयाचे, कसे बोलावयाचे हे तेथेच शिकविले. वेल्लूर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार केंद्रानेही रोग्याबरोबर घरचे माणूस राहण्याची पद्धत चालविली. जे ह्या वैद्यांनी तंबू ठोकून केले, ते आपण निदान महिन्यातून एक भेट व आठवड्यातून एक फोन एवढ्याने तरी करावे.

चौथे कारण घराची ओढ व घराची अडचण हे आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची टोळी निघते. मुकादमाची उचल घेतलेली असते, आणि कोयत्यास दोन हात पाहिजेत. घरी म्हातारी सासू व लहान मुले, म्हणून सुनेस औषधोपचारातून ओढून आणिले जाते. खाजगी पुनर्वसनगृहाचे महिन्याचे पैसे भरावयाचे तर शेळी विकली, मग बैल विकला, पुढे विकावयास काही उरले नाही. कधी बहिणीचे लग्न जमत असते, आणि पाहुण्यांस "भाऊ कोठे आहे?" ह्याचे उत्तर द्यावयाची लाज वाटते, म्हणून त्यास घरी आणून बसवितात. ह्या अडचणी खोट्या नाहीत. गरिबास उपदेश करणे सोपे आहे. त्याचे ओझे उचलणे अवघड आहे. म्हणून आम्ही अशा घरांस दोष देत नाही, मंडळीस विचारितो : त्या वर्षी त्या घराचे दोन हात कमी पडले, तेव्हा मंडळीचे हात कोठे होते?

आता आम्ही पाचव्या कारणाकडे येतो, आणि ते सांगावयास जड जाते, कारण ते आपल्या उपासनामंदिरातले आहे. आपल्या मंडळीस साक्षीची फार भूक असते. कोणी आजारातून उठला की, त्यास पुढे उभे करून बोलावयास लावावे, सर्वांनी हालेलूया म्हणावे, असे आपणांस वाटते. ह्यात वाईट काही नाही. देवाचे उपकार सांगणे योग्यच आहे. परंतु मनाच्या रोग्याच्या बाबतीत आपण घाई करितो. पुनर्वसनगृहात आपण त्यास भेटावयास जातो, आणि प्रार्थना झाल्याबरोबर विचारितो, "आता बरे वाटते ना?" ह्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेले असते. त्याने "नाही" म्हटले, तर आपले तोंड उतरते. कोणी म्हणतो विश्वास कमी पडला, कोणी म्हणतो काही गुप्त पाप असेल. म्हणून तो "हो" म्हणतो. आणि "हो" म्हटल्यावर तेथे राहावयास कारणच उरत नाही! मग नाताळास त्यास घरी आणितात, साक्ष देववितात, आणि कोणी अतिउत्साही मनुष्य त्याच्या गोळ्या घेऊन म्हणतो की, विश्वास आहे तर ह्या कशास?

प्रभूचा प्रश्न असा नव्हता. त्याने मोकळेपणाने विचारिले, आणि त्या मनुष्याने मोकळेपणाने सांगितले की, दिसते पण धड दिसत नाही. विचार करा, खुद्द देवाच्या पुत्राने हात ठेविले असता "अजून पुरते झाले नाही" असे म्हणावयास केवढे धैर्य पाहिजे! आणि प्रभु रागावला काय? तुझा विश्वास कमी आहे, असे म्हणाला काय? मुळीच नाही. त्याने पुन्हा हात ठेविले. त्या खऱ्या उत्तरामुळेच दुसऱ्या स्पर्शास वाव मिळाला. ज्या मंडळीत "मी अजून बरा नाही" असे म्हणावयास मोकळीक नाही, त्या मंडळीतील रोगी अर्ध्या दृष्टीनेच घरी येत राहतील.

औषध घेणे म्हणजे विश्वास सोडणे नव्हे, हे उपदेशकांनी स्पष्ट शिकवावे. पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता. पौलाने तीमथ्यास त्याच्या पोटाच्या दुखण्यावर उपाय सुचविला (1 तीमथ्य 5), विश्वास कमी म्हणून दटाविले नाही. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्यास उपदेश केला नाही. भाकर व पाणी दिले, झोपू दिले, आणि पुन्हा दुसऱ्यांदा उठवून जेवावयास दिले, कारण पुढची वाट लांब होती (1 राजे 19). तेथेही दुसरा स्पर्श आहे. आमच्या काळाजवळचे उदाहरण पाहिजे तर स्टॅन्ली जोन्स यांचे घ्या. हे मेथोडिस्ट मिशनरी 1907 साली हिंदुस्थानात आले, आणि सेवेच्या पहिल्या वर्षांतच त्यांच्या मनाची व शरीराची शक्ती खचून गेली. ते पुढे प्रार्थनेचे व विश्वासाचे थोर शिक्षक झाले. आणि त्याच स्टॅन्ली जोन्स यांनी 1950 साली लखनौ येथे नूर मंझिल हे मानसोपचार केंद्र स्थापिले. प्रार्थनेचे सामर्थ्य ज्यास ठाऊक होते त्यानेच मनाच्या डॉक्टरांसाठी घर बांधिले, हे ध्यानात धरा.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. निघून येणारा प्रत्येक जण चुकतो असे नाही. काही जागा राहण्यासारख्या नसतात. तामिळनाडूतील एरवाडी येथे 6 ऑगस्ट 2001 रोजी अशाच एका आश्रयगृहास आग लागली, आणि 28 मनोरुग्ण मरण पावले. ते साखळ्यांनी बांधलेले होते म्हणून त्यांस पळता आले नाही. जेथे मार आहे, साखळी आहे, उपासमार आहे, डॉक्टर कधी येत नाही, तेथून कोणी पळून आला तर त्यास परत नेऊन सोडू नका. आधी त्याचे ऐका. गरसेकरांच्या प्रांतातील त्या पीडित मनुष्यासही लोकांनी बेड्या व साखळ्या घालून पाहिले होते (मार्क 5). साखळीने तो बरा झाला नाही. प्रभूच्या पायांशी बसला तेव्हा शुद्धीवर आला.

आपल्या देशाचा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 साली झाला व 2018 च्या मे महिन्यात अंमलात आला. त्याने कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. रोग्यास नातेवाइकांस भेटण्याचा, फोन करण्याचा व तक्रार करण्याचा हक्क दिला आहे. जो प्रौढ मनुष्य स्वतःच्या इच्छेने दाखल होतो, त्यास स्वतःच्या इच्छेने जाताही येते. जिवास धोका वगैरे काही ठराविक कारणे दिसली तरच तपासणीसाठी त्यास 24 तासांपर्यंत थांबविता येते. काही जण म्हणतील, हा कायदा फार सैल झाला. आम्हांस तसे वाटत नाही. प्रभूनेही कोणास बांधून बरे केले नाही. कायदा साखळी काढून घेतो, तेव्हा तो जणू मंडळीस विचारितो की, आता ह्यास थांबवून धरावयास तुमच्याजवळ काय आहे? प्रीतीवाचून दुसरे काही आपणाजवळ नाही, आणि ती पुरेशी आहे, जर ती वेळेवर जाऊन पोहोचली तर.

तर मग उपदेशकांनी, बायबल बायांनी व मंडळीच्या पंचांनी काय करावे? थोडक्यात सांगतो.

जाण्यापूर्वी घरच्यांस व रोग्यास बरोबर बसवून विचारा की, तेथे किती दिवस राहावयाचे आहे, खर्च किती, आणि भेटीस कोण जाणार. मुदत आधी ठाऊक असली म्हणजे महिनाही मोजता येतो. ठाऊक नसली तर आठवडाही जन्मठेप वाटतो. ती जागा सरकारदरबारी नोंदलेली आहे काय, डॉक्टर येतात काय, हे पाहून या. पैशाची सोय नसेल तर जिल्हा रुग्णालयात व सरकारी मनोरुग्णालयात चौकशी करा. ठाणे, पुणे येथील येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे अशी जुनी सरकारी रुग्णालये आहेत.

तो तेथे असता भेटीची पाळी लावा. एका महिन्यात पंचांनी जावे, दुसऱ्यात तरुण संघाने. भेटीत फार बोलू नका. "बरे वाटते ना?" असे विचारू नका, "दिवस कसा जातो? काय जड जाते?" असे विचारा, आणि उत्तर काहीही आले तरी तोंड वाकडे करू नका. त्याच्या घरी पेरणी असेल, कापणी असेल, तर एक दिवस मंडळीने त्या शेतात काढावा. आणि ही गोष्ट त्यास जाऊन सांगावी, म्हणजे घराच्या काळजीने तो उठून येणार नाही.

तो "मी आता निघतो" असे म्हणू लागला, तर धमकावू नका. नामानाच्या चाकरांसारखे जवळ जा. "आजच का? आणखी एक रविवार थांबशील काय? डॉक्टरांशी आपण दोघे मिळून बोलू या," असे म्हणा. पुष्कळ वेळा निघून जाण्याची लहर दोन-चार दिवसांची असते, आणि एका ओळखीच्या माणसाने तेवढे दिवस सोबत केली तर ती ओसरते.

आणि तो तरीही निघून आलाच, तर? तर त्याच्यासाठी दार उघडा. "पळून आला" हे शब्द गावात फिरू देऊ नका. त्यास जेवू घाला, झोपू द्या, आणि दुसऱ्या दिवशी गोळ्या आहेत की संपल्या हे पाहा. जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. 14416 ह्या क्रमांकावर टेलि-मानस नावाची सरकारी फोनसेवा 2022 पासून आहे. तेथे आपल्या भाषेत सल्ला मिळतो, तो क्रमांक शाळेच्या व उपासनामंदिराच्या भिंतीवर लिहून ठेवा. रोगी मरणाची भाषा बोलू लागला, तर ती धमकी समजू नका. त्यास एकटा सोडू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. विशेषतः त्याच्या घरी बोलणे कसे चालते हे पाहा. जॉर्ज ब्राऊन नावाच्या इंग्रज संशोधकाने 1950 नंतरच्या दशकात इस्पितळातून घरी गेलेल्या रोग्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा असे आढळले की, ज्या घरांत रोग्यास सतत बोल लाविले जातात किंवा त्याच्या प्रत्येक हालचालीवर पाळत ठेविली जाते, त्या घरांत दुखणे अधिक वेळा उलटते. पुढे लंडन व चंदिगड येथील घरांची तुलना झाली, तेव्हा चंदिगडच्या कुटुंबांत असे टोचून बोलणे कमी आढळले. हे आपल्या लोकांचे धन आहे, ते राखावे.

शेवटी पुन्हा बेथसैदास येऊ. प्रभूने त्या मनुष्यास घरी पाठविले, पण गावात जाऊ नको म्हणून सांगितले. का सांगितले हे मार्काने लिहिले नाही. आम्हांस असे वाटते की, ज्याचे डोळे नुकतेच उघडले त्यास गर्दीचे प्रश्न, गर्दीची बोटे व गर्दीची वाहवा सोसवत नाही. त्यास आधी आपले घर पाहिजे. गरसेकरांच्या प्रांतातील तो मनुष्य बरा झाला तेव्हा प्रभूबरोबरच राहू इच्छीत होता. त्यासही प्रभूने आपल्या घरी व आपल्या लोकांकडे पाठविले. म्हणजे मुक्काम घरच आहे. पुनर्वसनगृह ही वाटेवरची धर्मशाळा आहे. परंतु वाट अर्धी असता धर्मशाळा सोडली तर रात्र रानात काढावी लागते.

बंधुभगिनींनो, ह्या आठवड्यात तुमच्या मंडळीच्या यादीवरून एकदा बोट फिरवा. कोणाचे नाव असे आहे की, ते उच्चारावयाचे आपण सोडून दिले आहे? तो कोठे आहे, कोणत्या फाटकाआड बसला आहे, त्यास शेवटचे कोणी भेटले? त्याचे नाव येत्या रविवारी प्रार्थनेत घ्या, आणि सोमवारी त्याच्याकडे जावयास निघा. दुसरा स्पर्श प्रभूचा आहे. पण तो होईपर्यंत त्या मनुष्याचा हात धरून उभे राहावयाचे काम त्याने आपणांवर सोपविले आहे.

हे प्रभो, ज्यांस अजून धड दिसत नाही त्यांस खरे सांगण्याचे धैर्य दे, आणि आम्हांस ते ऐकून घेण्याची सहनशीलता दे. ज्यांनी वाट अर्ध्यावर सोडली त्यांस पुन्हा उचल, आणि आमचे हात त्यांच्या हातांत असू दे. आमेन.